त्याच्या गाडीचे ब्रेक

माय,

कॉलेजात माझ्याबरोबर एक पोरगी होती, गेल्या आठवड्यात तिचं लग्न झालं. जवळा बाजारहून हट्ट्याला ती नवऱ्याच्या त्या लांब नाकाच्या जुन्या गाडीत बसून जाणार होती, पण लग्नाच्या दिवशी ती गाडी आपल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. आता तिच्या गावात माझं नाव निघतंय, आणि ह्या खेपेला चांगलं निघतंय. पोरानं ब्रेक पक्के झाल्याबिगर गाडी सोडली नाही, लग्नघरच्यांची बोलणी खाल्ली पण हटला नाही, असं म्हणतात. तू असतीस तर ऐकून आधी हसली असतीस आणि मग नुसती माझ्या तोंडाकडं बघत राहिली असतीस. तुझ्या त्या बघण्याला मी अजून भितो. म्हणून सांगून टाकतो, लोक म्हणतात त्यातलं अर्धंच खरं आहे.

तू जाऊन नऊ वर्षं झाली. कळमनुरी रोडचं आपलं शेड तसंच आहे, फक्त पत्रे नवे आहेत. बाबांचे गुडघे गेले, त्यामुळं खाली पडून करायचं काम सगळं माझ्याकडं आलं. ते स्टुलावर बसून पाने देतात आणि चुका काढतात. तू होतीस तेव्हा बाबा चाकाशी पालथे आणि तू ड्रायव्हरच्या सीटवर, डोक्यावर पदर, दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलेलं, चपला बाहेर. ब्रेकच्या नळीत हवा राहिली की पेडल दाबलेला जोर चाकापर्यंत पोचत नाही, आणि ती हवा काढायला दोन माणसं लागतात, एक पेडलवर, एक चाकापाशी. बाबा ओरडतात, "दाब." तू म्हणतेस, "दाबला." "धर." "धरलाय." मग ते चाकामागची निपल ढिली करतात, ऑइलबरोबर बुडबुडे निघतात, निपल आवळतात आणि "सोड." रस्त्यानं जाणारी माणसं थांबायची, ही बाई गाडीत बसून काय करून राहिली म्हणून. हळदीच्या दिवसांत टेम्पो-ट्रॅक्टरची रांग लागायची, चाकाचा ड्रम उघडला की पिवळी धूळ उडायची आणि बाबांच्या भुवया नवरदेवासारख्या पिवळ्या व्हायच्या. ते म्हणायचे झालं, तू मान हलवायचीस. "हवा हाय अजून." "अगं, निघाली की सगळी." "माझ्या पायाला कळतं. मागचं डावं चाक बघा." आणि निघायची. शेवटी तू पेडल दाबून बोटांच्या पेरांवर शंभर मोजायचीस, तेवढ्यात पाय जराही खाली गेला तर काम परत उघडायचं. आणि मग आपल्या शेडचा नियम. ब्रेक केलेली गाडी मालकाच्या हातात द्यायच्या आधी घरचं माणूस शेजारी बसवून औंढ्याच्या अलीकडच्या उतारावरून आणायची. बाबा चालवणार, शेजारी तू, मागं मी. मला तेव्हा त्या गाड्यांचाही राग यायचा. शाळेतून यावं तर तू चुलीपाशी नसायचीस, कुणाच्या तरी जीपमध्ये पाय दाबून बसलेली.

जळण्याची सवय मला तेव्हापासूनची आहे, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? चौथीत असताना चुलत्याच्या पोराला नवी सायकल आली, लाल, पुढं घंटी, मागं कॅरिअर. मी तिच्या मागच्या ब्रेकचा नट ढिला केला. तू कसं ओळखलंस ते मला आजपर्यंत कळलं नाही. आधी कानाखाली वाजवलीस, मग विचारलंस. "काहून केलंस?" मी म्हटलं, "त्यालाच काहून मिळाली?" तू माझ्याच हातानं नट आवळून घेतलास, आणि मला त्याच्या मागं कॅरिअरवर बसवून पार नदीपर्यंतच्या उतारानं पाठवलंस. परत आलो तेव्हा तू पीठ मळत होतीस. वर न बघता म्हणालीस, "जळायचं तर खुशाल जळ. दुसऱ्याचं बघून माझ्याबी पोटात दुखतं. पण ब्रेकला हात लावायचा न्हाई. समजलं?" मला समजलं होतं, माय. ते मी विसरलोही नाही.

ती मला कॉलेजात भेटली, हिंगोलीला, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. प्रॅक्टिकलला शेजारच्या टेबलावर असायची. पहिल्याच दिवशी माझ्या नखांतलं ग्रीस बघून म्हणाली, "हे ॲसिडनं निघंल का रे?" मी म्हटलं, "बोट निघंल, ग्रीस न्हाई." ती इतकी हसली की सरांनी दोघांनाही बाहेर काढलं, आणि तिथून माझं जे व्हायचं ते झालं. तुझं पण तिला सांगितलं होतं, पायाला हवा कळायची ते. दुसऱ्या वर्षी एकानं फळ्यावर आमची दोघांची नावं लिहिली आणि मध्ये बदाम काढला. खरं तर मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी त्याचा दात पाडला. प्राचार्यांनी माफीचा अर्ज लिहायला कागद दिला, तो मी कोराच त्यांच्या टेबलावर ठेवून बाहेर पडलो आणि परत कॉलेजात पाय टाकला नाही. वाटलं होतं, ती मागं येईल, समजूत घालेल. ती स्टँडवर भेटली ती लालबुंद होऊन. "फडक्यानं पुसलं असतं तर गेलं असतं. आता माझ्या बापापर्यंत गेलंय. तुला इतकी घाई कसली असते रे?" त्यानंतर चार वर्षं दिवाळीला एक मेसेज, वाढदिवसाला एक, कधी रस्त्यात दिसली तर दोन शब्द. एवढ्यावर मी काय काय बांधून ठेवलं होतं ते तुला सांगायला आता लाज वाटते.

तिचं लग्न ठरल्याचं मला त्या गाडीमुळं कळलं. महिन्यापूर्वी एका दुपारी ती गाडी आपल्या शेडसमोर येऊन थांबली, म्हणजे थांबता थांबता पार विजेच्या खांबापर्यंत गेली. काळी, रुंद, जुन्या सिनेमात गुंडांकडं असायची तसली. हट्ट्याच्या बागायतदाराच्या मुलानं ती हैदराबादहून आणली होती. आतलं इंजिन काढून दुप्पट ताकदीचं बसवून घेतलेलं, आणि ब्रेक मूळचेच, चारही चाकांना ड्रम. बाबा स्टुलावरून म्हणाले, "पळायची सोय केली मालक, थांबायची राहिली की." तो मोठ्यानं हसला. "म्हणून तर आलो, काका. आमच्या होणाऱ्या मंडळींचा हुकूम आहे, ब्रेकचं काम कळमनुरी रोडलाच द्यायचं. जवळा बाजारच्या आहेत. त्यांच्या कॉलेजातला मुलगा आहे म्हणे इथं." मी टेम्पोच्या खाली होतो. तिथून मला त्याचे बूट तेवढे दिसत होते, आणि तेसुद्धा चांगले होते. कॉलेजातला मुलगा. तिच्या तोंडी माझं एवढंच नाव होतं.

त्याच्यात खोट सापडावी म्हणून मी फार बघितलं, पण सापडंना, हीच मोठी तकलीफ होती. मला भाऊ म्हणायचा. घासाघीस नाही, उगाच दाबात बोलणं नाही. दुसऱ्या खेपेला नांदेडहून बाबांसाठी गुडघ्याचा पट्टा घेऊन आला, खाली बसून त्यानं स्वतः तो बांधून दिला. बाबा दिवसभर म्हणत होते, "पोरगं चांगलं हाय." मला हातातला पाना कुणाच्या तरी डोक्यात घालावासा वाटत होता, कुणाच्या ते ठरत नव्हतं. काम मात्र मी जीव लावून केलं. पुढच्या चाकांना डिस्क बसवल्या. पेडलचा जोर नळ्यांत सोडणारा मास्टर सिलेंडर दोन खणांचा घातला, म्हणजे एक नळी फुटली तरी दुसऱ्या नळीवरची दोन चाकं गाडी धरतात. नळ्या सगळ्या नव्या, वळवताना एकही चेपू दिली नाही. त्याच्याकडं शेती होती, गाडी होती, ती होती. ब्रेक तेवढे माझ्या हातचे असणार होते.

हवा काढायच्या दिवशी ती आली. लग्नाची खरेदी करून दोघं त्याच्या जीपनं परत चालले होते, बरोबर तिची धाकटी बहीण. बाबांना पेडल दाबवत नाही, म्हणून मी त्यालाच सांगणार होतो, तर त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत रस्त्याकडं गेला. "मी दाबते," ती म्हणाली. तिनं चपला काढल्या, सीटवर बसली, पाय पुरेना म्हणून सीट खटकन पुढं ओढली. मी मागच्या डाव्या चाकापाशी पालथा पडलो.

"दाब."

"दाबला."

"धर."

"धरलाय. किती वेळ?"

"मी सांगस्तोवर."

"लई हुकूम सोडायलास रे."

बाबा स्टुलावर खोकतायत, धाकटी बहीण दारात उभी राहून उसाचा रस पितेय, वरून तिचा आवाज येतोय, आणि मी खाली पडल्या पडल्या मनात म्हणतोय, ह्या गाडीतली हवा संपूच नये. अर्ध्या तासाचं काम मी तासभर लांबवलं. शेवटी म्हटलं, झालं. तर ती म्हणाली, "न्हाई, मऊ लागायलंय अजून. माझ्या पायाला कळायलंय ना, तुझ्या आईसारखं." मी पुढच्या उजव्या चाकाची निपल परत ढिली केली. एक बारकासा बुडबुडा निघाला. बाबांनी तो बघितला आणि मान दुसरीकडं फिरवली.

तेवढ्यात तो आला. "काय भाऊ, आमच्या बायकोला कामाला लावलं का?" ती गाडीतून उतरता उतरता लाजली. माझ्यापुढं ती चिडली होती, हसली होती, एकदा रडलीही होती, पण लाजली कधी नव्हती. त्याला म्हणाली, "अहो, चला ना, घरी वाट बघत असतील." तिचं अरे-तुरे मला इतकी वर्षं साखरेसारखं लागायचं. ते त्या 'अहो'पुढं एकदम शिळं झालं.

"गाडी चालवून बघू आणि मग जाऊ," तो म्हणाला. दोघी बहिणी बाबांपाशी थांबल्या. गाडी मी चालवायला घेतली, तो शेजारी. सीट तिनं ओढली होती तिथंच, माझे गुडघे स्टेअरिंगला लागत होते. "सीट मागं घ्या की, भाऊ." "राहू द्या." पुढं रस्ता सरळ आणि मोकळा लागला तेव्हा वेग घेऊन मी ब्रेक पूर्ण मारला. गाडीनं नाक खाली घातलं आणि मागचा भाग सर्रकन फिरून पुढं आला. थांबलो तेव्हा तोंड अर्धवट हिंगोलीकडं. त्यानं टाळी वाजवली. "आयला, काय फिरली!" मी त्याला समजावून सांगितलं, जोरात ब्रेक लागला की वजन पुढं येतं, मागची चाकं हलकी होतात. त्यांना जोर जास्त गेला तर ती आधी जाम होतात आणि गाडी अशी गरकन फिरते. मागच्या नळीत जोर कमी करणारा व्हॉल्व्ह लागतो, तो नांदेडला सांगितलाय, अजून आला नाही. तो म्हणाला, "हळू चालवली तर?" "हळू चालवली तर काहीच न्हाई. पण एखादं जनावर आडवं आलं आणि दचकून ब्रेक मारला तर हेच होणार." "मग लग्नात कोण पळवतंय? व्हॉल्व्ह नंतर टाकू निवांत." परत आल्यावर बाबांच्या देखत पुन्हा म्हणाला, "न्यायची ती मी नेतो. माझी जबाबदारी."

माझी जबाबदारी. माय, ते दोन शब्द चार दिवस माझ्या डोक्यातून हलले नाहीत. मला काही करायचंच नव्हतं. नट ढिला करायचा नाही, नळी कापायची नाही, नुसतं हो म्हणून चावी द्यायची. मी टेम्पोच्या ब्रेकचे लायनर घासता घासता त्याला बघायचो, एकटाच चाललाय, समोर म्हैस येते, बाजूला बाभळीचं झाड. तुझ्यापासून काय लपवू, ते बघायला मला बरं वाटत होतं. पण दर खेपेला मनातली ती गाडी फिरून थांबली की शेजारच्या सीटवर ती असायचीच. तिला काही केल्या खाली उतरवता येईना. चौथ्या दिवशी सकाळी मी गाडीची मागची नळी खोलली आणि गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवली, म्हणजे कुणी न्यायची म्हटली तरी नेता येऊ नये, आणि मला द्यायची म्हटली तरी देता येऊ नये. त्याला फोन केला, व्हॉल्व्ह बसल्याशिवाय गाडी मिळणार नाही. तो म्हणाला, "बरं भाऊ. ह्यातलं तुम्हालाच कळतं." इथपर्यंत लोक म्हणतात ते बराबर आहे.

व्हॉल्व्ह लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आला. नांदेडच्या बसनं, कंडक्टरच्या हातून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला. दुपारपर्यंत मी तो बसवला. बाबा म्हणाले, पेडल दाबायला कुणाला तरी हाक मार. मला त्या पेडलवर दुसऱ्या कुणाचा पाय नको होता. निपलला नळी लावून तिचं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवलं आणि एकट्यानंच खाली-वर करत हवा काढली. शंभर मोजले. सपाटीवर तीनदा ब्रेक मारून बघितला, दर खेपेला व्हॉल्व्हचा स्क्रू जरा फिरवला, आणि मग नियमाप्रमाणं बाबांना शेजारी बसवून उतारावर गेलो. अर्ध्या उतारात पूर्ण ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी सरळ उभी राहिली, आखल्यासारखी. बाबांनी डॅशबोर्डवर हात आपटला. "बराबर! लाव त्याला फोन. आजच ने म्हणावं, फुलं लावायला वेळ मिळंल."

फुलं म्हणाले आणि माझं डोकं गेलं. मला ते काळं बोनेट झेंडूनं भरलेलं दिसलं, ती मान खाली घालून बसताना दिसली, सीट मागं सारून आरामात चालवणारा तो दिसला. माझ्या हातच्या ब्रेकवर भरवसा ठेवून तो एका हातानं स्टेअरिंग धरणार आणि दुसरा हात कुठं ठेवणार हे सुद्धा दिसलं. मी तिथंच उतारावर फोन लावला. म्हणालो, "व्हॉल्व्ह आला न्हाई. उद्या गाडी मिळत न्हाई." तुझा शब्द मी मोडला नव्हता, माय, ब्रेकला मी हात लावला नव्हता, ब्रेक पक्के होते. येताना सगळ्या रस्त्यानं मी हेच स्वतःला ऐकवत होतो. बाबा खिडकीबाहेर बघत होते. शेड आलं तेव्हा एवढंच म्हणाले, "सीट मागं घे, गुडघे फुटतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः आला, अंगाला हळद, बरोबर त्याचा एक चुलतभाऊ. चुलतभावानं मला बघितलं आणि सुरूच झाला. "हा तोच न्हाई का, दात पाडणारा? द्यायची नव्हती तर गाडी घेतली काहून? जळतंय त्याचं, दुसरं काय!" मी अंगावर जाणार होतो. पण तो खरंच बोलत होता, मग कशाच्या जोरावर जाऊ? नवरदेवानं भावाला मागं ओढलं आणि बाबांकडं वळला. "काका, तुम्ही सांगा. झाली का नाही?" बाबांनी ताडपत्रीकडं बघितलं. मग गुडघ्याच्या पट्ट्यावर हात ठेवून म्हणाले, "न्हाई झाली." आपल्या शेडात ब्रेकच्या कामात कुणी खोटं बोललेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तुझ्यापुढं ते बोलले असते का? तो म्हणाला, "असू द्या काका, ब्रेकचं काम घाईत नको. जेवायला या, दोघंही." जाताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

बाबा एकटेच गेले लग्नाला, पट्टा बांधून. परत आल्यावर म्हणाले, बुंदी चांगली होती. त्यावर आमचं बोलणं संपलं, आणि त्या उतारावरच्या फोनबद्दल आजपर्यंत दोघांतलं कुणी काही बोललेलं नाही. तीन दिवसांनी तो गाडी घेऊन गेला. बसला, सीट मागं ढकलली, हात हलवला आणि गेला. संध्याकाळी तिचा मेसेज आला. "हे म्हणत होते, असा कारागीर मिळायचा नाही. तू कायम घाई करायचास, ह्या वेळी आमच्यासाठी थांबलास. खरंच थँक्यू. तुझ्या आईला बरं वाटलं असतं." मी तो दोनदा वाचला. मग लिहिलं, "ब्रेकचं काम होतं." आणि खाली हात जोडलेलं ते चित्र टाकलं.

एक राहिलं. हे मी तिलाच लिहायला बसलो होतो. कागदावर वर तिचं नाव घातलं, खाली एक ओळ लिहिली, व्हॉल्व्ह आदल्या दिवशीच आला होता. त्याच्यापुढं हात चालंना. मग तो कागद फाडला आणि दुसऱ्यावर तुला हाक मारली. तिला वाचता येतं, माय. तुला येत नव्हतं.